संगमरवरातला अपोलो आणि झाडाचे खोड

संपादक महोदय,

रोमन देवमूर्तींवरील आपल्या पुरवणीतील लेखात त्यांना सरसकट ‘ग्रीकांची नक्कल’ म्हटले आहे, ते अपुरे वाटते. व्हॅटिकनमधील ‘अपोलो बेल्वेदेरे’ ही अपोलो देवाची मूर्ती पाहावी. इ. स. दुसऱ्या शतकातील हे संगमरवरी शिल्प इ. स. पूर्व चौथ्या शतकातील एका ग्रीक कांस्यमूर्तीवरून घडवले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात आणि ती मूळ मूर्ती लिओखारीस या ग्रीक शिल्पकाराची असल्याचा तर्कही करतात. कांस्यमूर्ती आतून पोकळ ओतलेली असल्याने केवळ पायांवर तोल सांभाळू शकते. संगमरवर मात्र वजनाने जड आणि ताणाला कच्चा, म्हणून रोमन मूर्तिकाराने देवाच्या उजव्या पायाशी झाडाचे खोड उभे केले. त्या खोडावर चढणारा साप पाहिला, की अपोलोने मारलेल्या पायथन या महासर्पाची आठवण होते. म्हणजे आधाराचा दगडही कथेत सामावला गेला. (घाईत पाहणाऱ्याला तो टेकू वाटतही नाही.)

इ. स. पूर्व 146 मध्ये रोमनांनी कोरिंथ हे ग्रीक शहर लुटल्यानंतर ग्रीक शिल्पे मोठ्या संख्येने रोमकडे गेली, हे खरेच. परंतु बहुसंख्य ग्रीक कांस्यमूर्ती पुढे धातूसाठी वितळवल्या गेल्या आणि आज त्यांची कल्पना आपल्याला येते ती मुख्यतः या रोमन संगमरवरामुळे. संग्रहालयांतील पाट्यांवर मूळ ग्रीक शिल्पकाराइतकेच त्या अनाम रोमन कारागिराच्या कामाबद्दलही लिहिले जावे, असे मला वाटते.

– एक वाचक, पुणे