कृत्रिम झडपेच्या रुग्णांना तालुक्यातच ‘आयएनआर’ तपासणी मिळावी

महोदय,

हृदयविकाराविषयी वृत्तपत्रांत जे लिहिले जाते, त्यात अँजिओप्लास्टी, स्टेंट आणि बायपास यांनाच बहुतेक जागा मिळते. हृदयाची झडप बदललेला रुग्ण घरी परतल्यावर कसा जगतो, हे क्वचितच कोणी मांडतो. लहानपणी घसा सुजण्याचे निमित्त होऊन संधिवाताचा ताप येतो, त्यात झडपांना कायमची इजा होते आणि पुढे ऐन तरुणपणी धाप लागू लागली की दोष लक्षात येतो. हा आजार मुख्यतः दाटीवाटीने राहणाऱ्या गरीब कुटुंबांचा आहे. मीही त्यातलीच एक असून माझी मिट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, बदलून तिथे यांत्रिक झडप बसवलेली आहे. शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला, याबद्दल मी शासनाची मनापासून ऋणी आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली देशी झडप १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवण्यात आली. अशा संशोधनामुळेच माझ्यासारख्यांपर्यंत ही शस्त्रक्रिया पोहोचू शकली.

परंतु यांत्रिक झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी, म्हणजे वॉरफॅरिन किंवा ॲसिट्रॉम, जन्मभर घ्यावी लागते. मात्रा कमी पडली तर झडप अडकते किंवा गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होतो. जास्त झाली तर मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव होतो. योग्य मात्रा ‘आयएनआर’ या, रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणाऱ्या तपासणीवरूनच ठरते; आकडा जितका जास्त, तितके रक्त पातळ. निरोगी माणसात हा आकडा १ च्या आसपास असतो, मिट्रल जागी यांत्रिक झडप असलेल्यांत तो साधारण २.५ ते ३.५ दरम्यान राखावा लागतो. मेथी, पालक रोजच्यापेक्षा जास्त खाल्ल्याने तो उतरतो, तर जुलाबावर सर्रास दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडॅझोलसारख्या गोळीने झपाट्याने चढतो. अंगदुखीसाठी गावोगाव कमरेत दिले जाणारे वेदनाशामक इंजेक्शनही आम्हाला धोक्याचे असते. तपासणी न लागणारी नवी औषधे बाजारात आहेत हे खरे, पण ती यांत्रिक झडपेला चालत नाहीत. त्यांपैकी डॅबिगॅट्रान या औषधाची अशा रुग्णांवरील चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे थांबवावी लागली होती.

म्हणून आकडा स्थिर असला तरी महिन्या-दीड महिन्याने आणि बिघडला तर आठवड्याला ही तपासणी करावी लागते. आमच्या भागात त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते: एसटीचे भाडे, खासगी प्रयोगशाळेचे पैसे आणि बुडालेली मजुरी. जवळच्या संकलन केंद्रात रक्त दिले तर नमुना शहरात जातो आणि अहवाल दुसऱ्या दिवशी मोबाइलवर येतो. निळ्या टोपणाच्या नळीत खुणेपर्यंत रक्त भरले नसेल तर तोही आकडा चुकून जास्त येतो, आणि त्या चुकीच्या आकड्यावर गोळी कमी केली जाते. शेवटी अनेक जण तपासणीच सोडतात आणि अंदाजाने गोळी घेत राहतात. काही जण, बरे वाटते म्हणून, गोळीच बंद करतात. त्यांना निष्काळजी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. रोजंदारीवरच्या बाईने दर महिन्याला एवढा खर्च आणायचा कुठून?

तरुण स्त्रियांची स्थिती तर याहून नाजूक आहे. दिवस राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी गर्भाला अपाय करू शकते आणि कोणालाही न विचारता बंद केली तर आईची झडप बंद पडू शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनच्या इंजेक्शनांचा पर्याय तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरता येतो. हे लग्नाआधी, निदान गर्भधारणेआधी, त्या मुलीला आणि तिच्या घरच्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवे.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा शरीरात बसवल्या जाणाऱ्या साधनाचा भार रुग्णावर किती पडतो याची दखल घेतली गेली. तीच दृष्टी आता शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षांकडे वळावी. फुले योजनेत पाठपुराव्याच्या काही तरतुदी आहेत, पण यांत्रिक झडपेचा पाठपुरावा रुग्ण जिवंत असेपर्यंत चालतो. बोटातून थेंबभर रक्त घेऊन काही मिनिटांत आयएनआर सांगणारी छोटी यंत्रे उपलब्ध आहेत. ती प्रत्येक उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयात ठेवावीत, तपासणी आणि गोळ्या मोफत द्याव्यात आणि मात्रा बदलण्याचे प्रशिक्षण तिथल्या डॉक्टरांना द्यावे. प्रत्येक रुग्णाजवळ झडपेचा प्रकार, अपेक्षित आयएनआर आणि दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक देण्याची सूचना मराठीत लिहिलेले कार्ड असावे. योजनेतून झडप बदललेल्या रुग्णांची नावे व पत्ते शासनाकडे आहेतच. आरोग्य विभागाने त्यांच्या तालुकावार याद्या करून आशाताईंकडे द्याव्यात आणि त्यांपैकी कितींनी गेल्या तीन महिन्यांत आयएनआर तपासला, एवढी विचारणा प्रथम करावी.

– एक वाचक, जि. धाराशिव