ठाण्याच्या काकूंना, त्या एका गोफणीसाठी

काकू, नमस्कार.

तुमचा नातू म्हणाला लिहा, मी वाचून दाखवतो, म्हणून लिहितोय. समोर बसून मला हे जमलं नसतं. त्या दिवशी जिन्यात नुसतं "येतो" म्हणून निघालो, साधं थँक्यूसुद्धा तोंडातून निघालं नाही, ते आठवडाभर टोचतंय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी वॉरगेमिंग करतो, म्हणजे टेबलावर धातूचे बोटभरसुद्धा नसलेले सैनिक मांडायचे, पट्टीने अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि जुन्या लढाया खेळायच्या. वय ४५. बायको याला बाहुल्यांचा खेळ म्हणते आणि मला ते अजून खोडून काढता आलेलं नाही. गेली दोन वर्षं डोक्यात एकच खूळ, यहूदा मक्काबीची ज्यू सेना उभी करायची. इ.स.पू. १६७ ला सेल्युसिड या ग्रीक घराण्यातल्या राजाविरुद्ध ज्यूंच्या प्रदेशात, यहुदियात बंड झालं, यहूदा त्याचा म्होरक्या, आणि ही त्या बंडातली डोंगरातली माणसं. १५ मिमीचे सैनिक आणि डीबीए नावाच्या खेळाचे नियम, त्यात अख्खी सेना १२ एलिमेंटची, म्हणजे सैनिक चिकटवलेल्या १२ पट्ट्यांची, म्हणजेच खिशाला झेपणारी.

पण माणसं झेपत नाहीत ना. एकाने ॲडव्हान्स घेतला आणि चार महिने फोनच उचलला नाही. एका जाणकाराने ऐटीत सल्ला दिला की ग्रीक सैनिक घे, ढालीवर सहा कोनांचा तारा काढ, झाली ज्यू सेना. अरे बाबा, तो तारा ज्यूंची खूण म्हणून रुळला तो कितीतरी शतकांनंतर! आणि इतिहास शिकवणाऱ्या एका सरांना मी दोनदा मेल केला, तर तिसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर, "खेळण्यांसाठी माझ्याकडे वेळ नाही." ठीक आहे, नसेल वेळ. पण ती ओळ टाईप करायला वेळ मिळालाच की.

मग स्वतःच वाचत बसलो. मक्काबींचं पहिलं पुस्तक, म्हणजे या बंडाची जुनी बखरच, आमच्यासारख्यांना खजिना आहे हो. एमाऊसच्या लढाईत यहूदाकडे ३००० माणसं, आणि त्यांना मनासारखी चिलखतं नाहीत की तलवारी नाहीत. यहूदा स्वतः लढायचा ती तलवार मारलेल्या शत्रूच्या सेनापतीची, अपोलोनियसची. म्हणजे चकाचक सेना रंगवायचीच नाही, कोणाकडे लुटलेली लांबट ढाल, कोणाकडे नुसता भाला, कोणाकडे गोफण, कपडे मातकट. ढालींवर काय काढू या प्रश्नाने महिना खाल्ला. शेवटी हस्मोनी, म्हणजे यहूदाच्याच घराण्यातल्या पुढच्या राजांच्या नाण्यांवर डाळिंब असतं म्हणून फक्त सरदाराच्या ढालीवर डाळिंब काढलं आणि बाकीच्या कोऱ्या ठेवल्या.

मित्राच्या ओळखीने तुमच्याकडे आलो ते खरं तर भीत भीतच. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यूंच्या घरात जाऊन तुमच्या लोकांची खेळणी केलीत म्हणून सांगायचं, कोणी दारातूनच हाकललं असतं तरी मी चूक म्हटलं नसतं. तुम्ही चिकाचा हलवा पुढे ठेवलात आणि म्हणालात, डबा उघड.

आणि एकेकाला उचलून विचारत गेलात, ह्याच्या हातात काय, हा असा वाकलाय का. हसला नाहीत. तुमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले ते इ.स.पू. १७५ च्या सुमाराला असं तुमच्याकडे सांगतात, म्हणजे हे बंड व्हायच्या आधीच निघालेले. म्हणून हनुक्का, याच बंडाच्या विजयाचा सण, आमच्याकडे फार उशिरा आला, असं तुम्ही सहज बोलून गेलात. मी सांगितलं की सुरुवातीला हजारेक माणसं शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या सुट्टीच्या पवित्र दिवशी हत्यार न उचलता मेली, मग यहूदाच्या बापाने, मत्तथ्याने ठरवलं की हल्ला झाला तर शनिवारीही लढायचं. त्यावर शनिवार तेल्यांच्या, म्हणजे शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्यांच्या घरातल्या तुम्ही म्हणालात, "घाणा बंद ठेवणं वेगळं, मान कापून घेणं वेगळं." हे वाक्य मी डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलंय. शत्रूच्या हत्तींवर माहूत हिंदी होता असं त्याच पुस्तकात आहे म्हटल्यावर तर तुम्ही किती हसलात, "म्हणजे आपला माणूस तिकडेच!"

मग डब्यातून तो एक सैनिक निघाला. पोस्टात मोडलेला, हात वर आणि हातात काही नाही. मी म्हटलं हा बाद, याची गोफण तुटली. तुम्ही चष्मा बदललात, शिवणाचा डबा आणलात, तपकिरी दोऱ्याचे पदर सुटे केलेत आणि त्यातला एकच घेतलात. मेणबत्तीच्या तुकड्यावरून दोनदा ओढलात. मधे गाठ मारून ती नखाने चपटी केलीत, दगड बसायला. मी फेविक्विक पुढे केलं तर म्हणालात, "चिकटवू नकोस, एक टोक हाताला अडकवायचं असतं, दुसरं सोडून द्यायचं, नाहीतर दगड सुटेल कसा?" अलिबागकडे लहानपणी भाताच्या शेतावर पाखरं हाकायला आजोबा गोफण फिरवायचे म्हणालात. एवढं सगळं त्या १५ मिमीच्या माणसाच्या मुठीला फास घालता घालता, एकदा सुटला, दोनदा सुटला, तिसऱ्यांदा बसला.

काकू, दोन वर्षं मी परदेशी पुस्तकांतून गोफणीची चित्रं बघतोय आणि दुसरं टोक सोडतात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण त्याहीपेक्षा, कोणीतरी माझ्या खुळाला वीस मिनिटं दिली, गंभीरपणे, पदर सुटे करून. दुसऱ्याच्या वेडात असा हात घालणारी माणसं असतात म्हणून चाललंय, नाहीतर अक्कल शिकवणारे काय, प्रत्येक ग्रुपात ढिगाने मिळतात आणि फुकट मिळतात.

रविवारी पहिला डाव झाला, बेथ जखऱ्याची लढाई, समोर हत्ती. तुमचा गोफणवाला मी हौसेने सगळ्यात पुढे ठेवला आणि माझा फासा १ पडला. मेला, पहिल्याच फेरीत. पण उचलून बघितलं, गोफण मुठीला तशीच आहे. पुढच्या रविवारी डबा घेऊन येतो, तेव्हा हत्ती तुम्ही घ्या.