स्ट्रेस टेस्टमधील दुर्लक्षित आकडा आणि मधुमेहींचे डोळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मला १५ वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या महिन्यात एका तपासणी केंद्रात माझी स्ट्रेस टेस्ट, म्हणजे ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची तपासणी, झाली आणि 'निगेटिव्ह आहे, काळजी नको' एवढेच सांगून फाइल हातात देण्यात आली. घरी कागद चाळताना दिसले, की पट्टा थांबला तेव्हा नाडी १४२ होती आणि मिनिटभराने १३३. म्हणजे ठोके अवघे ९ने उतरले होते. त्या नोंदीपुढे कोणी एक अक्षरही लिहिलेले नव्हते.

व्यायाम थांबताच ठोके भराभर उतरतात, ते मुख्यतः व्हेगस हा मज्जातंतू हृदयाला पुन्हा आवरतो म्हणून. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये २,४२८ रुग्णांचा सुमारे ६ वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके १२ किंवा त्याहून कमी उतरले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त आढळले. रुग्ण हळूहळू चालत राहिला की लगेच आडवा झाला यावर ही मर्यादा बदलते, आणि हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या बीटा ब्लॉकरच्या गोळ्या चालू असतील तर आकडा जपूनच वाचावा लागतो.

वर्षानुवर्षे वाढलेली साखर हृदयाच्या या मज्जातंतूंना जशी इजा करते, तशीच ती डोळ्याच्या पडद्यावरील केसाएवढ्या रक्तवाहिन्यांनाही करते, त्यामुळे हे दोन्ही बिघाड अनेकदा एकाच रुग्णात सापडतात. नाडी सावकाश उतरल्याने डोळे बिघडतात, असा याचा अर्थ नव्हे. मी मात्र तो आकडा पाहून नेत्रतज्ज्ञांकडे गेले. तक्त्यावरची शेवटची ओळही मला वाचता आली होती. पण थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्यावर काढलेल्या फोटोत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके स्पष्ट दिसले. नजर चांगली आहे म्हणून पडदाही चांगला असेल, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते.

पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटल्या असतील तर जड वजने उचलल्याने किंवा श्वास रोखून जोर लावल्याने डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून व्यायामशाळेत जाऊ पाहणाऱ्या मधुमेहीने आधी पडदा तपासून घ्यावा, हे मला फार महत्त्वाचे वाटते. टाइप २ मधुमेहात तर निदान होताच ही तपासणी व्हायला हवी, नाडी कितीही झटपट उतरत असली तरी.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३च्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. तपासणी केंद्रांना माझी विनंती आहे, की पहिल्या मिनिटातील घट आणि रुग्णाच्या चालू गोळ्या अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहाव्यात. आणि तो अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरांनी समोरच्या मधुमेहीला, 'थेंब घालून पडदा शेवटचा कधी तपासला?' एवढे जरूर विचारावे.

— एक निवृत्त शिक्षिका, मिरज