छातीत पाणी झालं की हेही विचारा

महोदय,

माझ्या आईच्या छातीत उजवीकडे पाणी झालं तेव्हा ती ७१ वर्षांची होती. सुईने सव्वा लिटर काढलं, तपासणीत काही सापडलं नाही. आपल्याकडे असं पाणी बऱ्याचदा टीबीचं असतं, म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांत दोनदा पाणी पुन्हा भरलं. अखेर दुसऱ्या रुग्णालयात दुर्बीण घालून फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा काढला. रिपोर्ट आला, मेसोथेलिओमा, म्हणजे त्या आवरणाचा कर्करोग. या कर्करोगाच्या पेशी नुसत्या पाण्यात पुष्कळदा सापडत नाहीत, तुकडाच तपासावा लागतो, हे आम्हाला तिथे कळलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनीच पहिल्यांदा विचारलं, "घरातलं कुणी ॲस्बेस्टॉसच्या कामावर होतं का?" दादा, म्हणजे माझे वडील, ॲस्बेस्टॉस घातलेल्या सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात २२ वर्षं होते. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे घरी येत. आई त्यांची खाकी पँट गॅलरीच्या कठड्यावर आपटून झटकायची, मग बादलीत टाकायची. मालाची रिकामी गोणपाटंही घरी यायची, त्यांची पायपुसणी मी स्वतः शिवली आहेत. कारखान्याच्या फाटकाच्या आत आई कधी गेली नाही. पण ॲस्बेस्टॉसचा बारीक तंतू श्वासातून गेला की हा रोग वर यायला ३०-४० वर्षंही लागतात.

ऑपरेशन शक्य नव्हतं. दर तीन आठवड्यांनी पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधं, जोडीला फॉलिक ॲसिडची रोजची गोळी आणि बी-१२चं इंजेक्शन. छातीत औषधी पावडर सोडून फुप्फुस चिकटवलं, तेव्हा कुठे पाणी थांबलं आणि आई उशांची उतरंड न लावता आडवी झोपू लागली. पुढे चौदा महिने ती होती. लवकर कळतं तर ती बरी झाली असती, असं मी म्हणत नाही. पण ते तीन महिने तिने बसून काढले.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यांत जे उशिरा येईल तोवर ठेवायला सांगितलं. कपडे धुणाऱ्या बायकोची नोंद कुठल्या वहीत असणार? निदान केसपेपरवर 'घरात कोण, कुठे कामाला होतं' एवढा एक रकाना हवा. तो येईपर्यंत, ज्यांच्या घरी असं काम होतं त्यांनी डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगावं. दादांचं कारखान्याचं ओळखपत्र मी माझ्या स्वतःच्या फाइलला लावून ठेवलं आहे. कपडे झटकताना मी आईशेजारीच उभी असायचे.

– एक निवृत्त शिक्षिका, भांडुप