पाईप जाणार कुठून, हे ज्युरीत कुणी विचारत नाही

संपादक महोदय,

माझ्या ऑफिसात दरवर्षी एक-दोन नवे आर्किटेक्ट जॉइन होतात. पोर्टफोलिओ बघून खरंच कौतुक वाटतं. मागे अशाच एका हुशार मुलीला टॉयलेटचं वर्किंग ड्रॉइंग, म्हणजे साइटवर बघून बांधायचा नकाशा, करायला दिलं, तिने ते मन लावून केलं, टाइल्सचे सांधेसुद्धा मोजून दाखवले, आणि साइटवर प्लंबरने कागद बघून एकच विचारलं, मॅडम, पाईप जाणार कुठून? चार इंची पाईपला साधारण 40 ला 1 उतार धरतात, म्हणजे 4 मीटरला 10 सेंटीमीटर खाली, आणि वाटेत बरोबर बीम आडवा. ती गप्पच झाली. संध्याकाळी म्हणाली, सर, कॉलेजात हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

चूक तिची नाहीच. ज्युरीत, म्हणजे कॉलेजात विद्यार्थ्यांचं डिझाइन तपासणाऱ्या परीक्षकांसमोर, कन्सेप्टवर तासभर चर्चा होते, पण गच्चीवरचं पाणी कुठून उतरणार, वरच्या खिडकीची काच पुसणार कशी, हे कोण विचारतं?

कॉलेजने विचार करायला शिकवावं, बाकीचं ऑफिसात शिकतील असं बरेच जण म्हणतात. सॉफ्टवेअरपुरतं मला ते पटतं, ते ऑफिसात येतंच. पण दोन वस्तू एकमेकींना कशा जोडायच्या, सांध्यातून पाणी आत येऊ नये म्हणून काय करायचं, हासुद्धा विचारच आहे की, तो डिझाइनपासून वेगळा काढताच येत नाही. आणि आम्ही ऑफिसवाले तरी काय करतो, नव्या मुलांना वर्षभर कॉम्प्युटरसमोर बसवतो, साइटवर नेतच नाही.

हे कॉलेजात शिकवणं जमत नाही असं नाही. 1919 ला सुरू झालेल्या बाउहाउस या जर्मनीतल्या डिझाइन शाळेत कलाकार आणि कारागीर मिळून वर्कशॉप चालवायचे. अमेरिकेतल्या येल युनिव्हर्सिटीत 1967 पासून आर्किटेक्चरचे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी स्वतः इमारत बांधतात, आणि तिथल्याच ऑबर्न युनिव्हर्सिटीच्या रूरल स्टुडिओत 1993 पासून मुलं गरीब कुटुंबांसाठी खरी घरं बांधताहेत.

एवढं सगळीकडे लगेच होणार नाही हे कळतं मला. पण निदान प्रत्येक विद्यार्थ्याने एक तरी इमारत, छोटी का असेना, पाया खणल्यापासून पहिल्या पावसापर्यंत फॉलो करावी, गवंडी, प्लंबर, सुतार यांच्याशी बोलून आपल्याच हाताने वहीत नोंदी ठेवाव्यात, आणि फायनल ज्युरीत मॉडेलशेजारी ती वहीसुद्धा तपासली जावी. ज्युरीच्या टेबलावर एक खुर्ची साइट सुपरवायझरलाही द्या.

– एक आर्किटेक्ट