अ‍ॅमीटर शून्य दाखवतो तेव्हा

चि. मनू,

अनेक आशीर्वाद. काल मी चिडले, तू फोन ठेवलास. पाणी उकळवायच्या तुझ्या प्रयोगाबद्दल तू एवढंच म्हणालीस, ‘वायर तुटली, बोट पोळलं, एवढंच.’ पाण्यात बुडवलेली ती तापती वायर बदलण्याआधी प्लग काढला होतास का, ते विचारायचं राहूनच गेलं.

वायर खराब म्हणून तुटली, असं नाही. तिच्या बारीक खाचांत बुडबुडा फुगतो, सुटतो आणि त्या जागी त्यामानाने गार पाणी धावून येतं. उष्णता वाहून जाते ती बरीचशी या धावपळीने. वीज वाढवत गेलं की बुडबुडे एकमेकांत मिसळतात, वाफेचे खांब उभे राहतात आणि पाण्याला वायरीपर्यंत यायला वाट उरत नाही. वायरीभोवती वाफेचं वेष्टण बसतं, वीज कमी-जास्त करणारा डिमर मात्र तेवढीच वीज देत राहतो. क्षणात वायर लाल होते. तुझ्या वायरीचा मिश्रधातू, नायक्रोम, १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. जपानी संशोधक नुकियामांच्या १९३४ सालच्या अशाच प्रयोगातही नायक्रोम असाच वितळला, म्हणून पुढचं पाहायला त्यांनी प्लॅटिनम घेतलं.

तुझी वायर ०.२ मिमी जाड, १० सेंमी लांब, म्हणजे पृष्ठभाग सुमारे ६३ चौरस मिमी. उकळत्या पाण्यात चौरस मिलिमीटरला साधारण १ वॅट ही मर्यादा, त्यापुढे ते वेष्टण बसतं. ४५ वॅटनंतर अर्ध्या अर्ध्या व्होल्टने चढ आणि दर वेळी मिनिटभर थांब. पाणी आधी अर्धा तास उकळून विरघळलेली हवा घालव. पाणी उकळतं ठेवणारा मोठा हीटर चालूच ठेव. पाणी निवलं तर मर्यादा वर सरकते आणि आकडे जुळत नाहीत.

मात्र वायर तुटली की प्रवाह मोजणारा अ‍ॅमीटर शून्य दाखवतो, पण वायर धरणाऱ्या चिमट्यांवर व्होल्टेज तसंच असतं. डिमर, म्हणजे डिमरस्टॅट, हा ऑटोट्रान्सफॉर्मर; त्याची बाहेरची बाजू घरच्या विजेपासून वेगळी नसते. फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असले तर १५ व्होल्टच्या आकड्यामागे जमिनीच्या मानाने २३० व्होल्ट असू शकतात. मध्ये ही जोडणी तोडणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आहे का, सरांना विचार. डिमर शून्यावर, स्विच बंद, प्लग बाहेर, मग हात.

पुन्हा शिकवायलाच बसले. रागावू नकोस. घावनांच्या तव्यावर पाणी शिंपडून ‘थेंब नाचतोय, पण आटत का नाही?’ विचारायचीस, आजी ओरडायची. त्या थेंबाखालीही हेच वाफेचं वेष्टण. आता तूच ते मोजतेयस, बाबा सगळ्यांना सांगत सुटलेत.

बोटाला फोड आला असेल तर फोडू नकोस. आणि प्लगचं तेवढं आजच कळव.

तुझी,
आई