चाल बदलली, तर वयावर ढकलू नका

महोदय,

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळू लागले, तेव्हा दूषित पाण्याची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मात्र या आजारात अशक्तपणा बहुधा पायांपासून सुरू होतो, जिना चढताना गुडघे लटपटतात आणि काही दिवसांतच तो श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचू शकतो, हे साथ ओसरताच आपण विसरलो. बदललेली चाल हे लक्षण आहे, एवढी जाणीवही आपल्याकडे रुजलेली नाही.

माझ्या यजमानांच्या उजव्या पायातली चप्पल वर्षभरापूर्वी चालता चालता निसटू लागली. रात्री ते पाणी प्यायला उठले की फरशीवर पाऊल आपटल्याचा आवाज मला अंथरुणात ऐकू येई. एका दवाखान्यात ‘वय झाले’ म्हणून शक्तीच्या गोळ्या मिळाल्या आणि दोन महिने गेले. शेवटी चप्पल शिवणाऱ्या काकांनीच ती उलटी करून दाखवली. पुढची कड झिजून पातळ झाली होती, टाच मात्र जवळजवळ कोरी होती. ‘काका पाय घासत चालतात का हो?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा कुठे आम्ही मेंदू व मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी टाचांवर चालायला सांगितले. उजवे पाऊल वर उचललेच जाईना.

गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, हाडावरून अगदी कातडीखालून जाणारी नस दबली होती. तासन्‌तास पायावर पाय टाकून वाचत बसण्याची सवय आणि जोडीला जुना मधुमेह, ही कारणे निघाली. असे पाऊल लोंबू लागले की माणूस ते अडखळू नये म्हणून गुडघा उंच उचलून चालतो. पाऊल असे लोंबण्यालाच ‘फूट ड्रॉप’ म्हणतात. कंबरेतली नस दबल्याने आणि कुष्ठरोगातही हे होते. आता स्प्लिंट (पावलाला आधार देणारी पट्टी) आणि व्यायामाने यजमानांना बराच आराम आहे, पण ते दोन महिने वाया गेल्याची खंत मला आजही आहे.

प्रत्येक चालीचे कारण वेगळे असते. खुब्याचे स्नायू दुबळे झाले, तर चालताना शरीर एका बाजूला झुकते. जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत उठणारे आणि बदकासारखे डुलत चालणारे लहान मूल तर ‘आळशी’ म्हणून रागावण्याचे नव्हे, तातडीने तपासण्याचे असते, कारण तो स्नायूंच्या आनुवंशिक आजाराचा इशारा असू शकतो.

महापालिकेच्या दवाखान्यांत रक्तदाब पाहतात, साखर पाहतात. त्याच वेळी रुग्णाला दारापर्यंत दहा पावले चालवून पाहावे आणि टाचांवर, चवड्यांवर उभे करावे. यासाठी ना यंत्र लागते, ना पैसा. आरोग्य विभागाने तशी सूचना सर्व दवाखान्यांना द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे